कागदात गुंडाळलेली शिशाची गोळी: पाचातल्या दोन जातात कुठे?

पुंगळीवाला
नमस्कार मंडळी. धागा आडवळणाचा आहे, पण इथे साबुदाण्यापासून सॅटेलाइटपर्यंत सगळ्यातले जाणकार सापडतात, म्हणून धीर करतोय.

सहा वर्षं कोलोरॅडोत आहे. एका निवृत्त शेजाऱ्यामुळे जुन्या धाटणीच्या रायफलींचा नाद लागला. माझ्याकडे शार्प्स या जुन्या अमेरिकन रायफलीची इटलीत बनवलेली प्रतिकृती आहे, .४५-७० मापाच्या काडतुसाची. एका वेळी एकच काडतूस. गोळ्या मी घरीच ओततो, काडतुसंही घरीच भरतो (इथे ते कायदेशीर आहे, तो वाद नको). वंगणाच्या खाचा असलेल्या साध्या गोळ्या ठीक जातात: २०० यार्डांवर पाच गोळ्या चारेक इंचांत.

आता कागदाच्या मागे लागलोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गोळी गुळगुळीत ओतायची, वंगणाच्या खाचा नाहीत. तिच्याभोवती पातळ कागदाचे बरोबर दोन वेढे द्यायचे, कडा एकमेकींना भिडतील पण चढणार नाहीत असे. शिसं नळीला लागतच नाही, कागद लागतो. नळीच्या तोंडातून बाहेर पडल्या पडल्या कागद सुटून जातो आणि गोळी उघडी पुढे जाते. १८७०-८० च्या दशकात लांब पल्ल्याच्या नेमबाजीत हाच प्रकार चालायचा.

माझा हिशेब: गोळी ५३० ग्रेन, शिसं-कथील १६ला १, साच्यातून .४४२ इंच निघते. कागद .००२ जाड, दोन वेढे म्हणजे व्यासात चार थर, म्हणजे .४५०. नळीच्या आत आट्या असतात (गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचा आणि त्यांच्या मधले उंचवटे), त्यातल्या उंचवट्यांचं माप .४५०. कागदावर बरोबर. दारू म्हणजे बंदुकीची काळी दारू, स्विस दीड एफ (ही दाण्याची प्रत), वर कार्डाची चकती, मग गोळी. पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी) दुकानातल्या, सगळ्या २.०९५ इंचांवर एकसारख्या कापलेल्या. दर गोळीनंतर नळी ओल्या चिंधीने पुसतो.

निकाल: पाचातल्या तीन एका पेल्याखाली झाकता येतील इतक्या जवळ, उरलेल्या दोन आठ-दहा इंच भलतीकडे. कोणत्या दोन, याला काही नियम नाही. दारू कमीजास्त करून पाहिली, कागद बदलला, मिश्रण बदललं. काय चुकतंय?

ठाण्याचा_खवय्या
शीर्षक वाचून वाटलं, शेवेच्या पुड्याबद्दल आहे. पेल्याखाली झाकण्याचा भाग मात्र कळला.

तीनतोळे
आमचा खानदानी सराफी धंदा, म्हणून हिशेब करून पाहिला. ५३० ग्रेन म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम, म्हणजे तीन तोळ्यांना किंचित कमी. एक ग्रेन साधारण अर्धी गुंज. तीन तोळ्यांची वस्तू दोनशे यार्डांवर फेकून देता आणि वर विचारता काय चुकतंय!

पुंगळीवाला
@तीनतोळे शिसं आहे हो, सोनं नाही. 😄

वाचनमात्र_होतो
म्हणजे हे १८५७ चंच काडतूस की! दाताने फाडायचं, चरबी, मंगल पांडे वगैरे?

दप्तरखाना
@वाचनमात्र_होतो भाऊबंद म्हणा. १८५३ च्या एनफील्ड रायफलचं काडतूस म्हणजे कागदाची नळी. आत दारू, आणि गोळी उलटी, टोक दारूच्या बाजूला. दारूच्या बाजूचा कागद फाडून दारू नळीत ओतायची, मग काडतूस उलटं करून गोळी कागदासकट तोंडात दाबायची आणि वरचा कागद तोडून टाकायचा. म्हणजे गोळीभोवतीचा कागद तिच्याबरोबर आत जायचा आणि त्याच कागदाला बाहेरून वंगण. ते वंगण कसलं, यावरून पुढचं रामायण घडलं. बराकपूरची घटना २९ मार्च १८५७ ची.

पुढे १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. तिचीही ४८० ग्रेनची गोळी कागदातलीच, पण आता पितळी पुंगळीत बसवलेली. मेणाची चकती गोळीच्या खाली, दोन कार्डांच्या मध्ये. दात लावायचं काम संपलं. धागाकर्ते जे करतायत ते या दुसऱ्या जातीचं.

अहिंसक_अवधूत
मराठी संस्थळावर बंदुका, गोळ्या, दारू... उद्या काय, घरगुती तोफ? अ‍ॅडमिन लक्ष देतील का? भारतात असलं घरी करणं गुन्हा आहे.

शिसेकाका_मॉन्टाना
@अहिंसक_अवधूत भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, १९५९ चा शस्त्र कायदा आहे, आणि कोणी तिथे करूही नये. इथे हा रविवारचा उद्योग आहे, लोक कागदावर आणि लोखंडी कोंबड्यांवर नेम धरतात. कोंबडी २०० मीटरवर, डुक्कर ३००, टर्की ३८५, मेंढा ५००. सगळे पत्र्याचे. एकही जीव जात नाही, पडले की परत उभे करावे लागतात, पाठ तेवढी जाते.

आता @पुंगळीवाला. मी बावीस वर्षं हे करतोय, त्यातली पहिली चार तुमच्यासारखीच गेली. तुम्ही दारू, कागद, मिश्रण असं सगळं बदललंत. एका प्रश्नाचं उत्तर द्या: कागद बघितलात का? गुंडाळायचा नव्हे, सुटलेला. नळीच्या पुढे दहा-पंधरा पावलांवर पडतो. रेंज थंड झाली, म्हणजे गोळीबार थांबला, सगळ्यांच्या रायफली उघड्या आणि टेबलावर, की चालत जा आणि गोळा करा.

बारीक तुकडे, लग्नात उडवतात तसे, आट्यांच्या रेषेत उभे कापलेले: उत्तम. कडा जळून काळ्या: गोळीच्या मागून वायू पुढे निसटतोय. अख्खा कागद न कापता मिळाला: गोळी फुगून आट्यांत नीट बसतच नाही. आणि काहीच मिळालं नाही, तर कागद कदाचित गोळीला चिकटूनच जातोय. मग ती भरकटणारच.

दुसरं, गोळ्या वजन करून निवडता का? ५३० च्या साच्यातून मी वरच्या टोकाच्या एका ग्रेनच्या पट्ट्यातल्याच ठेवतो. हलकी निघाली म्हणजे आत पोकळी. पोकळी मधोमध नसते, एका बाजूला असते, आणि गोळी भोवऱ्यासारखी फिरत जात असते. बाकी समजून घ्या.

नेमबाज_करवीर
मी एअर रायफल आणि पॉइंट टूटू वाली, तुमच्या काळ्या धुराशी संबंध नाही. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. पाच गोळ्यांवरून निष्कर्ष काढू नका. आम्ही काडतुसांचा लॉट निवडताना रायफल शिकंज्यात पकडून दहा-दहाचे ग्रुप मारतो आणि दुसरं काहीही बदलत नाही. तुम्ही तीन गोष्टी बदलल्यात आणि त्याही पाच-पाच गोळ्यांवर.

(अवांतर: आमच्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, तेव्हा गल्लीत जे फटाके वाजले त्यांची दारू तुमच्या वर्षभराच्या कोट्याहून जास्त असेल.)

पुंगळीवाला
@शिसेकाका कागद बघायचा असतो हे ठाऊकच नव्हतं. 🤦 रविवारी जातो. वजन करतो, पण ‘साधारण’.

शिसेकाका_मॉन्टाना
‘साधारण’ हा शब्द या खेळात नाही.

विडीवाल्याची_नात
मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही. पण कागदाचे बरोबर दोन वेढे, कडा एकमेकींना भिडल्या पाहिजेत पण चढता कामा नयेत, हे वाचून उठून बसले. माझी आजी सोलापूरला पूर्व भागात तीस वर्षं विड्या वळायची. तिला हा धागा वाचून दाखवला. ती जे म्हणाली ते जसंच्या तसं:

“पान कोरडं गुंडाळलं तर सैल राहतं. रात्रभर ओलं ठेवायचं, ओलं असतानाच वळायचं. वाळलं की आपोआप आवळून बसतं. आणि डोळ्याने पान कापायचं नाही. पत्र्याचा फर्मा ठेवायचा, त्याच्याबरहुकूम कात्री चालवायची. पानाच्या शिरा सगळ्या एकाच बाजूला.”

काही उपयोग होत असेल तर सांगा. नसेल तर आजीला सांगणार नाही.

शिसेकाका_मॉन्टाना
ताई, आजींना साष्टांग दंडवत सांगा. आम्ही हे शिकायला पुस्तकं विकत घेतली.

एकूण एक बरोबर. कागद ओला करून वळायचा, वाळताना आकसून गोळीला घट्ट धरतो. पत्र्याचा फर्मा: आम्ही तिरक्या टोकांचा चौकोन कापतो, म्हणजे सांधा उभा न येता तिरका येतो. आणि शिरांचं तर फारच महत्त्वाचं. कागदालाही शिरा असतात, यंत्रावर तंतू एका दिशेत बसतात. ओला झाला की कागद आडव्या दिशेत जास्त ताणतो. अर्धे उभे आणि अर्धे आडवे कापले तर एकाच फर्म्यातून दोन मापं निघतात. पुंगळीवाले, तुम्ही कापता कसे?

पुंगळीवाला
...ताव वाचवायला मिळेल तसे. उभे, आडवे, दोन्ही.

विडीवाल्याची_नात
आजी हसतेय.

टेक्सासचा_तात्या
काय हो हा खटाटोप. उंचवट्यांच्या मापाला गोळी ठेवून ती फुगेल म्हणून देवाच्या भरवशावर बसायचं? मी नळीतल्या आट्यांच्या खाचांच्या मापाला गुंडाळतो, .४५९. आट्यांत घट्ट जाते. फुगण्याची भानगडच नाही. धुरविरहित पावडर, नळी पुसणं नाही, संध्याकाळी हात धुतले की झालं.

शिसेकाका_मॉन्टाना
@टेक्सासचा_तात्या तुमची रीत चुकीची नाही, वेगळी आहे. जाड माप धुरविरहितसाठी ठीक, कारण तिचा धक्का हळू चढतो आणि गोळी तितकी फुगत नाही. काळ्या दारूचा धक्का मागून एकदम बसतो, मऊ गोळी फुगते, तिला देवाची गरज नाही. शिवाय .४५९ ची कागदी गोळी काजळी धरलेल्या नळीत शिरताना कागद फाटतो.

आणि नवशिक्यांसाठी: या दोन दारू एकमेकींच्या जागी कधीही वापरायच्या नाहीत. काळ्या दारूच्या मापाने धुरविरहित भरली तर रायफल आणि माणूस दोन्ही जातात. उलट काळ्या दारूत गोळीखाली मोकळी जागा ठेवायची नाही, चकती दारूला टेकलीच पाहिजे.

टेक्सासचा_तात्या
शेवटच्या परिच्छेदाला +१०००. पहिल्याला ०.

ठाण्याचा_खवय्या
इतका वेळ ‘काळी दारू’, ‘स्विस दारू’, ‘दारू चकतीला टेकली’ वाचतोय. बायको खांद्यावरून वाकून बघून गेली. आता स्पष्टीकरण देत बसलोय.

गॅलरीतली_तुळस
काका, एक विचारू का? शिसं वितळवता कुठे? स्वयंपाकघरात नाही ना? मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून काळजी.

शिसेकाका_मॉन्टाना
ताई, बाहेर उघड्या शेडमध्ये. भांडी, चमचे, चूल सगळं वेगळं. काम करताना खाणं-पिणं नाही, नंतर साबणाने हात, कपडे वेगळे धुवायचे, नातवंडं आसपास नाहीत. रक्तातलं शिसं दरवर्षी तपासून घेतो. आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. थेंबाची क्षणात वाफ होते आणि शिसं अंगावर उडतं. माझ्या डाव्या मनगटावर एक खूण आहे, २००९ ची. कपाळावरचा घाम होता.

पुंगळीवाला
रविवारचा अहवाल.

दहा गोळ्या मारल्या. पुढे जाऊन कागद वेचले. रेंजवरचे लोक विचित्र नजरेने बघत होते, एकाने विचारलं लेन्स हरवली का. साधारण सहा गोळ्यांचे बारीक तुकडे, जसे काकांनी सांगितले तसे. पण बाकीच्यांचं गौडबंगाल. त्यांचे फक्त पुढच्या भागाचे तुकडे मिळाले. मागचा भाग गायब.

मग पुंगळी काढून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) टॉर्च मारली. तर आत, पुंगळीचं तोंड जिथे संपतं बरोबर तिथे, कागदाची बांगडी अडकलेली! अख्खी, गोल, कडेला शिशाची चकाकी. चिंधी तिच्यावरून सरकून जात होती. फोटो काढायच्या आत उत्साहात तोडून टाकली, सॉरी.

शिसेकाका_मॉन्टाना
सापडला चोर. पहिल्याच पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय आणि मी वाचून पुढे गेलो, माझीच चूक. पुंगळ्या २.०९५ वर कापल्यात ना? .४५-७० च्या पुंगळीचं छापील माप २.१०५. त्यात बऱ्याच रायफलींचं चेंबर त्याहूनही लांब असतं.

होतं असं: धक्का बसताच मऊ गोळी आधी फुगते, मग सरकते. पुंगळीच्या तोंडापुढे आणि चेंबरच्या पायरीमागे मोकळी जागा असेल तर शिसं त्या जागेत फुगतं. पुढे जाताना ती पायरी रंध्यासारखी कागद आणि थोडं शिसं सोलून काढते. तीच बांगडी. ती गोळी अर्ध्या कागदानिशी जाते, आणि पुढची गोळी बसवताना बांगडीला घासून तिचाही कागद फाटतो. एका बांगडीत दोन गोळ्या वाया. ‘पाचातल्या दोन’चा उलगडा झाला असं वाटतं.

साध्या वंगणाच्या गोळीला हे फारसं जाणवत नाही, तिला सोलायला कागदच नसतो.

टेक्सासचा_तात्या
इथे काकांशी सहमत, तेवढ्यापुरता. पण १६ला १ थोडं कडक केलं तरी फुगणं कमी होईल, पुंगळ्या टाकायला नकोत.

शिसेकाका_मॉन्टाना
कडक केलं की .४५० ची गोळी आट्यांतही नीट फुगणार नाही. मग कडा जळलेले कागद मिळतील. एक भोक बुजवायला दुसरं पाडण्याचा प्रकार.

आधी चेंबर मोजा. सेरोसेफ नावाचा धातू मिळतो, उकळत्या पाण्याहूनही कमी उष्णतेला वितळतो. चेंबरमध्ये ओतून ठसा काढा. मग .४५-९० च्या पुंगळ्या घ्या, त्या २.४ इंच लांब असतात, आणि तुमच्या चेंबरपेक्षा केसभर कमी अशा कापा. एक सावधानता: कापल्यावर तोंडाशी भिंत जाड निघू शकते. गोळी बसवलेलं रिकामं काडतूस, दारू आणि टोपी (दारू पेटवणारी) काहीही न भरता, चेंबरमध्ये सहज जातं का आणि तोंडाला फाकायला जागा उरते का ते आधी बघा. जागा नसेल तर भिंत आतून तासून घ्यावी लागेल.

आणि चेंबर वेगळं पुसा. ओल्या चिंधीमागे कोरडी. चेंबरमध्ये पाणी राहिलं तर पुढच्या गोळीचा कागद भिजून सोलतो.

दप्तरखाना
या निमित्ताने एक किस्सा. २६ सप्टेंबर १८७४, न्यूयॉर्कजवळचं क्रीडमूर मैदान. अमेरिकन संघाकडे शार्प्स आणि रेमिंग्टनच्या मागून भरायच्या रायफली, आयरिश संघाकडे रिग्बीच्या तोंडाने भरायच्या. ८००, ९०० आणि १००० यार्ड. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. तीन गुणांनी निकाल, आणि त्या सामन्यात एका आयरिश नेमबाजाची गोळी नेमकी मधोमध लागली होती, पण शेजारच्या टार्गेटवर. शून्य गुण.

नेमबाज_करवीर
क्रॉस फायर! हे अजूनही होतं. मी केलंय. आयुष्यात तेवढा सुंदर १०.९ परत लागला नाही, आणि तो शेजारच्या मुलीच्या खात्यात.

अहिंसक_अवधूत
मी अजून विरोधातच आहे. पण बांगडीचं पुढे काय झालं?

पुंगळीवाला
सात आठवड्यांनी परत आलो. (पुंगळ्या यायला तीन, मग आमच्याकडे बर्फ.)

ठसा काढला. चेंबर २.१२०. म्हणजे माझ्या पुंगळ्या २५ हजारांश इंच आखूड होत्या. ‘सगळ्या एकसारख्या कापल्या’ म्हणून मी खूश होतो. एकसारख्याच होत्या, एकसारख्या चुकीच्या.

.४५-९० च्या पुंगळ्या २.११८ ला कापल्या. तोंडाची भिंत खरंच जाड निघाली, आतून थोडी तासावी लागली. @नेमबाज_करवीर यांचं ऐकून पहिल्या दिवशी फक्त पुंगळ्या बदलल्या, बाकी सगळं जुनंच ठेवलं, उभे-आडवे कागदही. दहा गोळ्या, २०० यार्ड: बांगडी एकही नाही. भरकटलेली एकही नाही. पण ग्रुप साडेपाच इंच, पसरट.

दुसऱ्या दिवशी आजींचा फर्मा. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून केला, सगळे कागद एकाच दिशेत, ओले करून वळले, दोन दिवस वाळवले. गोळ्या वरच्या एका ग्रेनच्या पट्ट्यातल्याच. दहा गोळ्या. नऊ साडेतीन इंचांत. दहावी चार इंच उजवीकडे, तिचं श्रेय कोणालाही देऊ नका, ट्रिगर ओढतानाच मला कळलं होतं. कागद वेचले, सगळे तुकडे तुकडे. एक पाकीट भरून ठेवलंय, घरात विचारणा झाली आहे.

शिसेकाका_मॉन्टाना
शाब्बास. जूनमध्ये इथे मॉन्टानात फोर्सिथला या, मोठी स्पर्धा असते. माझ्याकडे उतरा. पिठलं-भात मिळेल, भाकरीचं वचन देत नाही.

टेक्सासचा_तात्या
मी पण येतो. .४५९ घेऊन.

शिसेकाका_मॉन्टाना
या. तुम्हाला नळी पुसायला लावतो.

पुंगळीवाला
@विडीवाल्याची_नात वळलेल्या गोळ्यांचा फोटो टाकलाय वर. आजींना दाखवा, काय म्हणतात?

विडीवाल्याची_नात
दाखवला. चष्मा लावून मोठा करून बघितला. म्हणाली, “वळलंय बरं. पण मागची शेपटी एवढी कशाला पिळलीय? कागद वाया. आणि तिसऱ्या ओळीतली दुसरी उसव.”

पुंगळीवाला
तिसऱ्या ओळीतली दुसरी उसवली. कडा चढली होती.